'शार्प' हे विशेषण: अर्थ ओळखायचा कसा, वापरायचं कुठे

'शी वॉज शार्प विथ हिम.' या वाक्याचं मराठी करायला सांगितलं तर बरेच जण 'ती त्याच्याशी हुशारीने वागली' असं करतील. खरा अर्थ आहे 'ती त्याला फटकन बोलली', 'त्याच्यावर खेकसली'. हा घोटाळा होतो, कारण शार्प हा शब्द आपल्याला परका वाटतच नाही. 'पोरगी शार्प आहे', 'शार्प नऊला ये', 'फोटो शार्प आला नाही' ही वाक्यं आपण दिवसभर बोलत असतो. पण मराठीने या शब्दाचे तीन-चारच अर्थ उचलले, आणि तेही बहुतेक कौतुकाचे. इंग्रजीत शार्प जितका कौतुकाचा तितकाच तक्रारीचाही शब्द आहे. शिवाय तो वळणाला लागतो, वाऱ्याला लागतो, कळेला, सुराला, चवीला, सुटाबुटाला, अगदी वाळूलाही लागतो.

मोठ्या शब्दकोशात शार्पखाली अर्थांची लांबलचक यादी असते. ती पाठ करू नका, त्यातलं निम्मं आठवड्यात विसरायला होतं. त्यापेक्षा एक सवय लावून घ्या: शार्प दिसला की तो कोणत्या नामाला चिकटलाय ते बघायचं आणि लगेच स्वतःला विचारायचं, इथे याच्या उलट काय म्हटलं असतं? उलट शब्द सापडला की अर्थ बहुतेक वेळा हातात येतो. पुढचं सगळं या एका सवयीभोवती आहे.

पहिली पायरी: उलट शब्द शोधा

मूळ अर्थापासून सुरुवात करू. सुरी शार्प असते, सुईही शार्प असते. मराठीत या दोन निराळ्या गोष्टी आहेत. सुरीला धार असते, सुईला टोक असतं. सुरी धारदार आणि खिळा अणकुचीदार. इंग्रजीला हा फरक करावासा वाटला नाही. कापणारं आणि टोचणारं, दोन्ही शार्प. उलट शब्दही दोघांना एकच, ब्लंट, म्हणजे बोथट. म्हणूनच शार्पन हे एकच क्रियापद सुरीला धार लावतं आणि पेन्सिलीला टोक काढतं. मराठीत आणताना मात्र आपल्याला दरवेळी निवड करावी लागते, नाहीतर 'धारदार पेन्सिल' असलं काहीतरी लिहून बसतो. इस्पितळात सुया, ब्लेड, स्काल्पेल यांना मिळून 'शार्प्स' असं अनेकवचनी नावच पडलंय. वापरलेल्या सुया टाकायच्या डब्यावर हाच शब्द छापलेला असतो. तिथे तो विशेषण उरलेला नसून सरळ नाम झालेला आहे.

जाता जाता: टीव्ही आणि कॅल्क्युलेटर बनवणाऱ्या शार्प या जपानी कंपनीचं नावही टोकावरूनच आलंय. संस्थापक तोकुजी हायाकावा यांनी १९१५ साली आणलेल्या मेकॅनिकल पेन्सिलीच्या नावात हा शब्द होता. जपानी लोक अशा पेन्सिलीला आजही 'शापेन' म्हणतात.

आता वस्तूंच्या बाहेर पडू. रस्त्याला 'शार्प बेंड' असतो तेव्हा उलट शब्द ब्लंट नाही, जेंटल. म्हणजे थोड्या अंतरात दिशा खूप बदलते आणि गाडीचा वेग वेळेत कमी करावा लागतो. मराठीत आपण त्याला अवघड वळण किंवा एकदम वळण म्हणतो. 'तीक्ष्ण वळण' हे भाषांतर कुठेकुठे वाचायला मिळतं, पण तसं कुणी बोलत नाही.

वेदनेला शार्प लागतो तेव्हा उलट शब्द डल. हा अर्थ नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण डॉक्टरसमोर तो खरोखर उपयोगी पडतो. 'इज द पेन शार्प ऑर डल?' असं डॉक्टर विचारतात तेव्हा दुखणं किती आहे हे त्यांना विचारायचं नसतं, ते कसं आहे हे विचारायचं असतं. शार्प म्हणजे कळ, सणक, सुरी खुपसल्यासारखं, बोटाने दाखवता येईल अशा जागी. डल म्हणजे मंद, पसरलेलं, सतत जाणवणारं दुखणं. डल दुखणंही असह्य असू शकतं. खूप दुखतंय एवढंच सांगायचं असेल तर 'सिव्हिअर' हा शब्द वापरा. जळजळ होत असेल तर बर्निंग, ठणका लागत असेल तर थ्रॉबिंग. आणि 'ॲक्यूट पेन' हा निराळाच प्रकार. त्याच्या उलट शब्द क्रॉनिक, म्हणजे तिथे प्रश्न दुखणं कसं आहे याचा नसून ते नुकतं सुरू झालंय की महिनोन्महिने चालू आहे याचा असतो. रिपोर्टवर ॲक्यूट वाचून 'फार गंभीर' असा अर्थ काढणारे पुष्कळ आहेत. उलट शब्द आठवला की ही भीती निदान शब्दापुरती तरी कमी होते.

फोटोला शार्प म्हटलं की उलट ब्लर्ड किंवा सॉफ्ट. कडा स्पष्ट, रेषा ठसठशीत. इथे एक गमतीची अडचण आहे. फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये 'अनशार्प मास्क' नावाची सोय असते. नावावरून वाटतं की ती फोटो अस्पष्ट करेल, पण ती करते नेमकं उलट. फिल्मच्या काळात डार्करूममध्ये मूळ निगेटिव्हची मुद्दाम अस्पष्ट प्रत काढून ती मूळ निगेटिव्हवर ठेवत आणि त्यातून कडा उठावदार करत. अनशार्प हे त्या अस्पष्ट प्रतीचं वर्णन आहे. सॉफ्टवेअरने युक्ती उचलली, तसं नावही उचललं.

बुद्धीला शार्प म्हटलं की उलट स्लो. उलट शब्द 'अनएज्युकेटेड' किंवा 'इग्नोरंट' नाही, हे लक्षात घ्या. म्हणजे इथे ज्ञानाची गोष्टच नाही, चटकन लक्षात येण्याची आहे. एखादा गाढा विद्वान विचार करायला वेळ घेत असेल तर त्याला इंटेलिजंट म्हणतील, शार्प म्हणणार नाहीत. कधी शाळेत न गेलेली पण व्यवहारात कुणाला हातोहात फसू न देणारी बाई मात्र नक्की शार्प. मराठीत तल्लख, चलाख, चाणाक्ष या शब्दांच्या आसपास हा अर्थ येतो. वय झालेल्या माणसाबद्दल 'ॲट नाइन्टी शी इज स्टिल शार्प' म्हणतात तेव्हा बुद्धी शाबूत आहे, काही विसरत नाही एवढंच सांगायचं असतं. तिथे 'नव्वदीतही हुशार आहे' हे भाषांतर फिकं पडतं.

डोळे शार्प असले की नजर तीक्ष्ण, कान शार्प असले की कान तिखट. इथे मराठी आणि इंग्रजी अगदी हातात हात घालून चालतात. तिखट जीभ म्हणजे शार्प टंग, हेही बिनचूक जुळतं. मग साहजिकच वाटतं की तिखट आमटीलाही शार्प चालेल. नेमकं तिथेच चालत नाही. मिरचीच्या तिखटाला इंग्रजीत हॉट किंवा स्पायसी. चवीला शार्प म्हणजे जिभेला चिमटा काढणारी, आंबटपणाकडे झुकणारी चव: लिंबू, कच्चं सफरचंद, मुरवलेलं चीज. उलट शब्द माइल्ड. चेडर चीजच्या पाकिटावर अमेरिकेत शार्प लिहितात, ब्रिटनमध्ये त्याच अर्थाने मॅच्युअर. गंमत म्हणजे याच शब्दाचा जर्मन भाऊ 'शार्फ' मिरचीलाही खुशाल चालतो, त्यामुळे जर्मन माणूस इंग्रजी बोलताना आपल्यासारखाच फसू शकतो.

बाकीचे अर्थ भराभर पाहू. शार्प विंड म्हणजे बोचरा, झोंबणारा वारा. शार्प सूट म्हणजे अंगाला चपखल बसलेला, झकपक सूट, उलट शब्द शॅबी. शार्प नोज, शार्प चिन म्हणजे निमुळतं, टोकेरी नाक आणि हनुवटी. हे कौतुक असेलच असं नाही, त्यामुळे 'चाफेकळी नाक' असं सुंदर करून टाकू नका. शार्प क्रॅक म्हणजे फाटकन झालेला आवाज. आणि शार्प सँड म्हणजे कोनेदार कणांची भरड वाळू. बांधकामात तिच्या उलट असते सॉफ्ट सँड, गोलसर बारीक कणांची.

या सगळ्यांत समान धागा शोधायचाच तर तो असा: मधली पायरी नाही. धारेवर पातं संपतं आणि हवा सुरू होते, मध्ये काही नसतं. तसंच वळण एकदम, कळ एकदम, आवाज एकदम, फोटोतली कड एकदम. अनोळखी जोडी समोर आली आणि उलट शब्द सुचेना, तर 'एकदम' लावून बघा. बऱ्याचदा काम भागतं.

दुसरी पायरी: कौतुक आहे की तक्रार, ते ठरवा

माणसांच्या बाबतीत हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथे शब्दाची जागा आपल्याला मदत करते.

शार्पच्या मागे 'विथ' आणि माणूस आला की तक्रार. 'डोन्ट बी सो शार्प विथ द चिल्ड्रन' म्हणजे मुलांवर एवढं डाफरू नकोस. इथे हुशारीचा काही संबंध नाही. 'अ शार्प चाइल्ड' म्हणजे मात्र तल्लख मूल, हे कौतुक. शब्द तेच, मूलही तेच, फक्त मधे विथ आला.

बोलण्याशी संबंधित नाम आलं तरी तक्रारीकडेच कल असतो. शार्प रिप्लाय म्हणजे तोडून टाकणारं उत्तर, शार्प रिमार्क म्हणजे बोचरा शेरा, शार्प क्रिटिसिझम म्हणजे कडक टीका. बातम्यांत येणारा 'शार्प एक्स्चेंज' म्हणजे शाब्दिक चकमक. अपवाद शार्प विट हा. तिथे हजरजबाबीपणाचं कौतुक असतं, जरी त्या हजरजबाबीपणाचा फटका कुणाला तरी बसत असला तरी.

इथे उलट शब्दाच्या युक्तीला एक खड्डा आहे. सुरीच्या बाबतीत शार्पच्या उलट ब्लंट असतो, म्हणून बोलण्यातही तसंच असेल असं वाटतं. तसं नाही. ब्लंट बोलणं म्हणजे आडपडदा न ठेवता, सरळ तोंडावर बोलणं. शार्प बोलणं म्हणजे लागेल असं बोलणं. एकच माणूस एकाच वाक्यात दोन्ही असू शकतो. शार्प जिभेच्या खऱ्या उलट जेंटल किंवा काइंड. म्हणजे उलट शब्द नेहमी त्या नामापुरताच शोधायचा, मागच्या नामाचा उचलून आणायचा नाही.

व्यवहाराच्या संदर्भात शार्प आला की दोनदा वाचा. 'अ शार्प बिझनेसमन' हे वाक्य बोलणाऱ्याच्या सुरावर तरतं. ते कौतुक असू शकतं, किंवा 'जरा सांभाळून रहा' असा इशाराही. 'शार्प प्रॅक्टिस' मात्र निःसंशय वाईट. कायद्याच्या चौकटीत कदाचित बसेल, पण सचोटीत बसणार नाही अशी चलाखी. वकिली आणि धंद्याच्या इंग्रजीत हा आरोप म्हणूनच येतो. 'ही हॅज शार्प प्रॅक्टिसेस' असं कुणाच्या शिफारसपत्रात चुकूनही लिहू नका.

शिफारसपत्रातच 'शार्प इन मॅथ्स' अशीही शब्दयोजना आपल्याकडून होते. त्यापेक्षा 'गुड ॲट मॅथ्स' किंवा 'हॅज अ शार्प माइंड' म्हणा. शार्प एखाद्या विषयाला सहसा चिकटत नाही. तो माणसाला, डोक्याला, नजरेला चिकटतो.

तिसरी पायरी: शार्प की शार्पली?

क्रियापदाला जोडायचं असेल तेव्हा नियमाने शार्पली. किमती शार्पली वाढल्या, ती शार्पली म्हणाली, मतं शार्पली विभागली गेली. विशेषण हवं की क्रियाविशेषण, हे शेजारी काय आहे त्यावर ठरतं: नाम असेल तर 'अ शार्प राइज', क्रियापद असेल तर 'प्राइसेस रोज शार्पली'. दोन्ही बरोबर, फक्त सरमिसळ नको.

काही ठिकाणी मात्र शार्प स्वतःच क्रियाविशेषण होतो आणि शेवटी ली लावली तर चूक ठरते किंवा अर्थ बदलतो. सगळ्यात जास्त लागणारी जागा घड्याळाची. 'ॲट नाइन शार्प' किंवा 'ॲट नाइन ओक्लॉक शार्प'. शार्प वेळेच्या मागे येतो. मराठीत आपण 'शार्प नऊला' म्हणतो, त्यामुळे इंग्रजीत लिहितानाही तो पुढे सरकतो. 'शार्पली ॲट नाइन' तर नकोच, कारण त्यातून नऊ वाजता काहीतरी झटक्यात किंवा रागाने घडलं असं वाटतं. 'अराउंड नाइन शार्प' हे स्वतःलाच खोडणारं वाक्य: साधारण नऊ आणि ठीक नऊ एकाच वेळी कसे वाजतील?

या जागी सूरही जपा. 'बी हिअर ॲट नाइन शार्प' यात दटावणी आहे. वरिष्ठांना, पाहुण्यांना किंवा निमंत्रणपत्रात ती बरी दिसत नाही. तिथे 'द प्रोग्रॅम विल बिगिन प्रॉम्प्टली ॲट नाइन' म्हटलं की वेळेचा आग्रह राहतो आणि दटावणी जाते.

दुसरी जागा दिशेची. 'टर्न शार्प लेफ्ट' म्हणजे डावीकडे एकदम वळा. 'टर्न शार्पली टू द लेफ्ट' हेही चालतं, पण रस्ता सांगताना पहिलंच ओठावर येतं. तिसरी, 'पुल अप शार्प', म्हणजे करकचून थांबणं. चौथी जागा सुराची, आणि तिच्यासाठी जरा थांबायला हवं.

सूर, शार्प आणि फ्लॅट

पाश्चात्त्य संगीतात शार्प म्हणजे मूळ स्वरापेक्षा अर्ध्या स्वराने वर. उलट शब्द फ्लॅट, अर्ध्या स्वराने खाली. सी या स्वराचा सी शार्प म्हणजे लगेच उजवीकडची काळी पट्टी. पेटी वाजवणारे ज्याला 'काळी एक' म्हणतात तीच ही. हीच पट्टी डीच्या बाजूने मोजली तर डी फ्लॅट. आजच्या प्रचलित ट्युनिंगमध्ये प्रत्येक अर्धस्वराला कंप्रता, म्हणजे दर सेकंदाला होणाऱ्या कंपनांची संख्या, साधारण ५.९५ टक्क्यांनी वाढते. मधल्या सप्तकातल्या ए स्वराची प्रमाण कंप्रता ४४० हर्ट्झ धरली तर ए शार्प सुमारे ४६६ हर्ट्झवर येतो.

इथवर शार्प निव्वळ नाव आहे, त्यात चांगलं-वाईट काही नाही. पण 'ही वॉज सिंगिंग शार्प' म्हटलं की तो दोष झाला: सूर चढा लागत होता. गाणं खुललं, रंगलं, धारदार झालं असा अर्थ मुळीच नाही. फ्लॅट गाणं म्हणजे सूर उतरणं. दोन्ही बेसूरच, फक्त दिशा वेगळी. रिॲलिटी शोमध्ये परीक्षक 'यू वेअर अ लिट्ल शार्प' म्हणाले आणि स्पर्धकाने हसून आभार मानले, तर काय घडलं ते आता कळेल.

आणखी एक बारकावा. मायक्रोसॉफ्टने २००० साली जाहीर केलेल्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेचं सी शार्प हे नाव याच स्वरचिन्हावरून आलं. आपण ते कीबोर्डवरच्या हॅशने लिहितो, पण काटेकोरपणे पाहिलं तर ती दोन चिन्हं वेगळी आहेत. हॅशमध्ये आडव्या रेघा सपाट असतात आणि उभ्या बहुतेक वेळा तिरक्या. संगीताच्या शार्पमध्ये उभ्या रेघा ताठ आणि आडव्या तिरक्या, म्हणजे पाश्चात्त्य स्वरलिपीच्या पाच आडव्या ओळींमध्ये त्या हरवत नाहीत.

चौथी पायरी: आकडे लिहिताना

परीक्षेतले तक्ते, कंपनीचे अहवाल, बातम्या, इथे शार्प सढळ हाताने वापरला जातो आणि पुष्कळदा चुकीचा. आकड्यातला बदल शार्प म्हणायला दोन गोष्टी एकत्र लागतात: बदल मोठा हवा आणि तो थोड्या काळात झालेला हवा. एखादा दर महिन्याभरात चारवरून नऊ टक्क्यांवर गेला तर शार्प राइज. तोच दर दहा वर्षांत हळूहळू तेवढाच वाढला तर तो ग्रॅज्युअल किंवा स्टेडी. आणि चारवरून सव्वाचार झाला, भले एका दिवसात होवो, तो स्लाइट.

शार्पच्या जोड्या ठरलेल्या असतात. राइज, इन्क्रीज, फॉल, ड्रॉप, डिक्लाइन यांच्याबरोबर तो सहज बसतो. ग्रोथबरोबर मात्र रॅपिड अधिक नैसर्गिक वाटतं. तुलना करताना 'इन शार्प कॉन्ट्रास्ट टू' आणि 'अ शार्प डिस्टिंक्शन बिट्वीन' या दोन जोड्या तयारच ठेवा. निबंधात त्या हमखास लागतात. माझं मत विचाराल तर एका परिच्छेदात शार्प एकदाच येऊ द्यावा. प्रत्येक चढउतार शार्प म्हटला की वाचणाऱ्याला खरा झटका कुठला ते कळतच नाही.

शेजारचे शब्द

शार्पच्या आसपास राहणारे शब्द एकमेकांच्या जागी ठेवले की वाक्य लंगडतं. कीन हा धारेलाही चालतो, पण माणसाला लावला की बहुधा उत्सुक असा अर्थ होतो: 'शी इज कीन' म्हणजे ती उत्साही आहे, तल्लख असेलच असं नाही. भूमितीतला नव्वद अंशांपेक्षा लहान कोन ॲक्यूट, त्याला गणिताच्या पेपरात शार्प लिहिलं तर गुण जातील. पॉइंटेड रिमार्क आणि शार्प रिमार्क यांतही फरक आहे. पॉइंटेड शेऱ्याचा रोख ठरावीक माणसाकडे असतो, तो अगदी गोड आवाजातही मारता येतो, मराठीतल्या टोमण्यासारखा. शार्प शेरा आवाजातच कळतो. श्र्यूड म्हणजे माणसं आणि परिस्थिती अचूक जोखणारा, धोरणी. शार्पपेक्षा त्यात घाई कमी आणि हिशेब जास्त.

नामाला ईडी जोडून होणारी जोडविशेषणंही पाहून ठेवा: शार्प-आइड, शार्प-टंग्ड, शार्प-विटेड, शार्प-फीचर्ड. मध्ये जोडरेघ द्यायची. यांत अर्थाची संदिग्धता उरत नाही, म्हणून नुसता शार्प धोक्याचा वाटला तर यांतला एखादा वापरा. 'शार्प-टंग्ड' म्हटल्यावर कुणीही हुशारी समजणार नाही.

उच्चाराबद्दल एकच गोष्ट. ब्रिटिश उच्चारात मधला र ऐकू येत नाही, आ लांबतो आणि जवळपास 'शाऽप' असं ऐकू येतं. अमेरिकन उच्चारात र स्वच्छ लागतो. ऐकताना दोन्ही ओळखता आले की पुरे, बोलताना कोणताही एक धरा.

ठरीव वाक्प्रयोग

हे जसेच्या तसे लक्षात ठेवायचे, सुट्ट्या शब्दांवरून अर्थ काढायला जायचं नाही. 'लुक शार्प!' ही ब्रिटिश हुकमी हाक आहे: चल, आटप! पण 'यू लुक शार्प' म्हणजे झकास दिसतोयस. आज्ञा आहे की विधान, एवढ्यावर अर्थ पालटतो. 'ॲट द शार्प एंड' म्हणजे प्रत्यक्ष झळ बसते त्या जागी, खुर्चीत बसून निर्णय घेणाऱ्यांच्या नव्हे, मैदानात काम करणाऱ्यांच्या बाजूला. 'शार्प एल्बोज' असलेला माणूस दुसऱ्यांना कोपराने ढकलत पुढे घुसतो. 'कीप अ शार्प आय ऑन' म्हणजे बारीक लक्ष ठेवणं. 'ॲज शार्प ॲज अ टॅक' म्हणजे अतिशय तल्लख, आणि 'नॉट द शार्पेस्ट टूल इन द बॉक्स' म्हणजे डोक्याने जरा मठ्ठच. हा शेवटचा विनोदी वाटला तरी अपमान आहे, कुणाच्या तोंडावर बोलायचा नाही.

आता करून बघा

खालचा उतारा वाचा आणि पुढे जाण्याआधी प्रत्येक शार्पचा उलट शब्द मनात म्हणा.

'द मॅनेजर, अ शार्प मॅन इन अ शार्प सूट, वॉज शार्प विथ एव्हरीवन दॅट मॉर्निंग. सेल्स हॅड फॉलन शार्पली. ही हॅड कॉल्ड द मीटिंग फॉर नाइन शार्प, अँड व्हेन अ ज्युनिअर आस्क्ड अ शार्प क्वेश्चन, देअर वॉज अ शार्प इनटेक ऑफ ब्रेथ अराउंड द टेबल.'

सोपे आधी उरकू. सूटच्या उलट शॅबी, म्हणून झकपक. विथ एव्हरीवन आला, म्हणून जो येईल त्याच्यावर खेकसत होता. फॉलन शार्पलीच्या उलट ग्रॅज्युअली, म्हणजे विक्री एकदम घसरली. नाइन शार्प म्हणजे ठीक नऊ. शार्प इनटेक ऑफ ब्रेथचं भाषांतर 'श्वास रोखला' असं करायचा मोह होतो, पण रोखणं वेगळं. इथे दचकून श्वास खसकन आत ओढला गेला.

उरले दोन, आणि तेच खरे अवघड. 'अ शार्प मॅन' याच्या उलट स्लो धरायचा की ऑनेस्ट? या चार ओळींत तरी त्याने काही लबाडी केल्याचं दिसत नाही, तेव्हा तल्लख धरून चालू. पुढच्या पानावर त्याने हिशेबात गडबड केली तर मागे येऊन 'बेरकी' करावं लागेल.

'शार्प क्वेश्चन' कसा सोडवायचा? विचारणारा कोण आहे ते बघा. साहेबाने कनिष्ठाला विचारला असता तर तो दरडावणारा, खडा सवाल झाला असता. इथे विचारणारा ज्युनिअर आहे आणि समोर आधीच चिडलेला साहेब, त्यामुळे दरडावणी संभवत नाही. टेबलाभोवतीचे लोक दचकले ते प्रश्न बरोबर वर्मी बसला म्हणून. मी तिथे 'नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवणारा प्रश्न' असं लिहीन. 'हुशार प्रश्न' लिहिलं तर कुणी दचकण्याचं कारणच उरत नाही.